भावाचा हात

४ मार्च

वहिनी,

अक्षराला हसू नकोस. डावा हात आहे, वय सहा महिने. पहिल्या पत्रात 'बरी आहे' एवढं लिहायला त्याने अर्धा तास घेतला होता. आता पानभर चालतो.

बातमी उजव्याची आहे. काल तो खांद्याच्या वर गेला.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तो माझ्या मांडीवर पाहुण्यांच्या झोपलेल्या पोरासारखा पडून असतो. उठताना उचलून बाजूला ठेवावा लागतो. काल थेरपिस्टबाईंनी खांद्यापासून मनगटापर्यंत नऊ चकत्या चिकटवल्या, यंत्र लावलं आणि म्हणाल्या, "वर न्यायचाय असं मनात म्हणा. बाकीचं करंट करेल." आधी कोपर मागे गेलं. मग खांदा उचलला. मग आख्खा हात वर आला आणि तिथे क्षणभर थांबला. मुंग्या आल्यासारखं होतं, दुखत नाही. मी कापड बेतणारी बाई, माझा हात सरळ पुढे जातो, कोपर कधी मागे जात नाही. ही रीत माझ्या भावाची, सोन्याची आहे.

तुझ्या नवऱ्याने तुला सगळं सांगितलंच असेल, पण आमच्या सोन्याचं सांगणं म्हणजे दोन शब्द आणि तिसऱ्याला सुट्टी. म्हणून मीच सांगते. यंत्राला आधी कुणाचा तरी धडधाकट हात दाखवावा लागतो. कुठला स्नायू कधी आणि किती जोराने आवळतो ते यंत्र टिपून घेतं, आणि तोच क्रम करंटने माझ्या हाताला देतं. रोज दोनशे वेळा. तसं करता करता डोकं बुजलेली वाट पुन्हा काढतं. हात जितका मिळताजुळता तितकं बरं, म्हणून सख्खा भाऊ. बाईंनी हाडं मोजली. आमच्यात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला.

पंधरा वेळा त्याने हात वर नेला. पंधराही वेळा शाळेत हजेरी दिल्यासारखा. आपल्याला कुणी बघतंय म्हटलं की हात बुजतो. शेवटी बाई म्हणाल्या, "विचार करू नका. डोळे मिटा. घरी न ठरवता जसा वर जातो तसा जाऊ दे." त्याने डोळे मिटले आणि सोळाव्या वेळी काय सुंदर गेला! लगेच आणखी दोनदा. पडद्यावर तिन्ही रेषा एकीवर एक बसल्या. बाई म्हणाल्या, इतकी मुरलेली हालचाल क्वचित मिळते. मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर डोक्यावरचे बोल्ट पिळत असतो, मुरणारच. शेवटचा थोडा भाग बाईंनी कापून टाकला. मला वर नेण्यापुरतंच हवं होतं.

मालकांनी माझं टेबल एक जूनपर्यंत राखून ठेवलंय. त्या दिवसापासून गणवेशांचं काम सुरू होतं. तोवर मी उभी राहिले नाही तर दुसरी कटर येईल, आणि मग मी कोण? सव्वीस वर्षं कात्री धरली, दुसरं काही येत नाही. अजून तीन हालचाली लागतील: पुढे पोचणं, आडवं ओढणं, खाली दाबणं. त्याही सोन्याच्याच हव्यात. दोन माणसांची लय एका हातात घातली तर हात गोंधळतो, असं बाई म्हणतात. २६ एप्रिलची वेळ मिळाली आहे. तेवढी त्याच्या कानावर घालत राहा. तो विसरभोळा आहे, तू नाहीस.

तुझी,
नणंद (दीड हाताची)


११ मार्च

वन्सं,

हसले नाही. आमच्याकडे फॉर्म भरणाऱ्यांपैकी निम्म्यांचं अक्षर तुमच्या डाव्याहून वाईट असतं, आणि त्यांचे दोन्ही हात चालतात.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. हात वर गेला ते वाचून बरं वाटलं. ह्यांनी दोन शब्दही सांगितले नव्हते. 'झालं काम' म्हणाले आणि बूट पुसायला बसले.

यापुढे पत्र लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवाल का? घरच्या पेटीला कुलूप नाही. इथे माझ्या टेबलावर येतं, जेवणाच्या सुट्टीत नीट वाचता येतं.

इथलं नेहमीचंच. निवृत्त मास्तर पुस्तक परत करताना छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करून आणतात. आमच्या ग्रंथपाल, मोठ्या बाईंनी विचारलं, "मास्तर, दंड कुणाला लावू? तुम्हाला की छापणाऱ्याला?" मास्तर म्हणाले, "लेखकाला."

एक विचारायचं होतं. हात वर गेल्यावर थांबतो असं लिहिलंत. किती वेळ थांबतो? सहज विचारते.

२२ तारखेला तुमच्याकडे येईन म्हणते. हे दोन दिवस बाहेरगावच्या कामावर आहेत. तीन पुस्तकं आणते, डाव्या हातात मावतील अशी.

तुमची,
वहिनी


२४ मार्च

वहिनी,

पोचलीस का नीट? पुस्तकं वाचायला घेतली. जाडं आहे ते उशाला घेतलं.

आता मला हसू दे. परवा मी चहाचा डबा काढायला हात वर नेला. झटक्यानंतर पहिल्यांदा, यंत्राशिवाय, कुणासमोर तरी! मी टाळ्यांची वाट बघतेय, आणि बाईसाहेब खाली! डोकं दोन्ही हातांत, कपाचे तुकडे पायाशी. डबा पडतोय असं वाटलं का तुला? अगं, हात दुबळा असला तरी डबा पत्र्याचा आहे आणि आत शंभर ग्रॅम चहा. घेरी आली म्हणालीस. बरं, आली असेल.

पण बाई, घेरी अशी उगीच येत नाही. बारा वर्षांनी का होईना, गोड बातमी असली तर माझ्यापासून लपवू नकोस. आणि ते नसेल तर रक्त तपासून घे. हाडं नुसती. मी माप घेणारी आहे, माणूस दारातून आत आलं की कंबर किती ते सांगते. तू दोन इंच उतरली आहेस.

सोन्याला काल फोनवर सांगितलं, म्हटलं, तुझ्या बायकोने माझ्या हाताला बसून नमस्कार केला. तो हसलाच नाही. "ती कधी आली होती तुझ्याकडे?" म्हणाला. तू न सांगता आली होतीस होय? असला वेंधळेपणा बरा नव्हे.

आणि हात क्षणभरच थांबतो. एक म्हणून होईपर्यंत.

तुझी,
नणंद


९ एप्रिल

वन्सं,

अकरा दिवस रजेवर होते. आज पहिल्यांदा कामावर आले. तुमचं पत्र टेबलावर होतं.

ह्यांना माझ्याबद्दल काही सांगत जाऊ नका. पाया पडते.

बातमी नाही. घेरीही नव्हती. तुम्ही डबा काढताय हे मला दिसत होतं. पण आधी कोपर मागे गेलं, मग खांदा, मग हात वर जाऊन थांबला, आणि माझी मान आपोआप खाली गेली. मानेला तुम्ही कोण ते कळलं नाही.

बारा वर्षं झाली. रोज नाही. आवाज कधी चढवत नाहीत. बूट पुसतात, हात धुतात, मग येतात. लिफ्टमधल्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर पोचवतात, ते खोटं नाही. दोन्ही खरं आहे.

थेरपिस्टबाईंनी ह्यांना घरी जसा न ठरवता जातो तसा हात न्यायला सांगितला. ह्यांनी नेला. त्यांचं काही चुकलं नाही.

तुम्हाला हे लिहायचं नव्हतं. पण तो हात आता तुमच्याकडे आहे, तुम्हाला माहीत असावं.

वहिनी


१३ एप्रिल

वहिनी,

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तुझं कधी नव्हतं. म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं आहे.

सोन्याला मी कडेवर वाढवलाय. आई कामावर जायची, मी नऊ वर्षांची आणि तो सात, तरी मीच त्याची आई. पाल मारायची म्हटलं तर तो घराबाहेर पळायचा. त्याने झटक्यानंतर चार महिने दर आठवड्याला चार तास प्रवास करून येऊन माझी नखं कापली आहेत. नखं! तुझ्या मनात काय येतंय ते येवो, पण माझ्या हातावरून त्याच्या स्वभावाचं माप काढू नकोस. हात असाच उचलतात पुष्कळ लोक.

भांड्याला भांडं लागतं. कधी राग आला असेल, कधी एखादी बसली असेल. ते मी चांगलं म्हणत नाही. मी त्याला समज देईन. पण आत्ता नाही. २६ तारीख तोंडावर आहे. तो रुसला आणि आला नाही तर मी कुठे जाऊ? तुला नोकरी आहे, घर आहे. मला एक टेबल आहे आणि तेही जूनपर्यंत.

तेवढं होऊ दे. मग बोलू.

नणंद


१८ एप्रिल

वन्सं,

२६ तारखेची आठवण ह्यांना केली आहे. येतील.

वहिनी


२७ एप्रिल

वहिनी,

हे फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

काल मी दवाखान्यात अकराला पोचले. सोन्या साडेअकराला यायचा होता. मी थेरपिस्टबाईंना म्हटलं, ती पहिली हालचाल एकदा न कापता लावा, आख्खी. त्या म्हणाल्या, "कापलेल्या भागात नुसतं खाली येणं आहे." म्हटलं, तेच बघायचंय. खरं सांगते, तुला खोटं पाडायला सांगितलं होतं. दोन आठवडे तुझं पत्र उशाखाली होतं आणि मला त्यातली एक तरी ओळ चुकीची ठरवायची होती.

बाईंनी जोर निम्मा ठेवला. समोर फोमची उशी ठेवली.

कोपर मागे गेलं, खांदा उचलला, हात वर थांबला. मग आला. पडला असता तर मला कळलं असतं, माझा हात आठ महिने पडतोच आहे. हा पडला नाही. पंजा उघडा, बोटं जुळलेली, आणि अगदी शेवटी मनगट वळलं. आवाज एवढा झाला की पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी मान वळवली. बाई म्हणाल्या, "हं, म्हणूनच कापलं होतं. याचा काही उपयोग नाही."

मी म्हटलं, पुन्हा लावा. आणि उभी राहिले. दुसऱ्या वेळी मी उंची बघितली. तो हात जिथे आला तिथे माझ्यासमोर कुणी नव्हतं, पण तिथे किती उंचीचं माणूस बसतं ते मला सांगायला टेप लागत नाही. तुझा ब्लाउज मी शिवलाय. खांदा, मान, कान. डावा कान. तू फोन नेहमी उजव्या कानाला लावतेस ते काल माझ्या लक्षात आलं.

आणि तो निम्मा जोर होता.

सोन्या वेळेवर आला. सगळ्यांना नमस्कार केला, आजोबांची पडलेली काठी उचलून दिली. मी त्याच्याकडे बघत होते. "काय बघतेस ताई, टकलावर केस आले का?" म्हणाला.

वहिनी, मी त्याला परत पाठवलं नाही. तिन्ही हालचाली घेऊ दिल्या. पुढे, आडवं, खाली. दीड वाजेपर्यंत चाललं. मी शेजारच्या खुर्चीत बसून गप्प राहिले. सगळं यंत्रात गेलं, बाईंनी 'मिळालं' म्हटलं, आणि मग मी त्याला खाली कँटीनमध्ये नेलं.

म्हटलं, "सोन्या, वहिनीला मारतोस?"

"कोण म्हणतं?"

"माझ्या हाताला कळलं."

"अरे वा. तुझा हात आता चुगल्याही करायला लागला?" हसला तो. मग चमचा ढवळत राहिला. मग म्हणाला, "तिने लिहिलं ना तुला?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

"बरं," म्हणाला. माझा कप माझ्या डाव्या हाताशी सरकवला, कपाचा कान माझ्याकडे करून. "काळजी घे ताई. व्यायाम चुकवू नकोस." दोनच्या गाडीने गेला.

तू इकडे निघून ये. सामान राहू दे, नुसती ये. दोन खोल्या आहेत, एक तुझी. तुझं खरं होतं. त्या तेरा तारखेच्या पत्राबद्दल मला काही म्हण, ऐकून घेईन.

तुझी,
नणंद


३० एप्रिल

ताई,

सोबत बाथरूमला लावायचा कठडा पाठवतोय. लिफ्टचाच पाइप आहे, दोनशे किलो तोलतो, त्यामुळे तुला चालेल. लावायला माणूस बोलावू नकोस, मी येईन तेव्हा लावतो.

इकडे ही जिन्यावरून घसरली. हात आणि थोडं डोकं. दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणाले सावरेल. तू येण्याची दगदग करू नकोस.

पुढे बोटांचं सेशन लागेल असं बाई म्हणत होत्या. कात्री धरायला. तारीख कळव.

तुझा,
सोन्या


१९ मे

वन्सं,

डाव्या हाताला प्लास्टर आहे. उजवा ठीक आहे, म्हणून लिहिते.

तुमची २७ तारखेची चिठ्ठी मला एक तारखेला मिळाली. लायब्ररीतल्या मोठ्या बाईंनी दवाखान्यात आणून दिली. 'निघून ये' असं त्यात होतं. मी खाटेवर पडून वाचलं.

जिन्यावरून घसरले नाही. आमच्याकडे जिना नाही, तळमजला आहे. तुम्हाला ते माहीत आहे.

डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही. ते आधीही कमीच होतं. मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे, ते मी मधे घातलं म्हणून. बाकीचं लिहीत नाही. हे आले तेव्हा सहा वाजले होते. दारातच म्हणाले, "ताईने तुझी आठवण काढली."

मी पुष्कळ दिवस एक हिशेब करते आहे. तुम्हाला अकरा वाजता कळलं. हे सहाला घरी पोचले. मधे सात तास. अकराला मी परत आलेली पुस्तकं लावत होते. साडेबाराला डबा खाल्ला. एकला वाचनकक्षात दोन पोरं भांडली ती सोडवली. दोनला हे तुमच्याकडून निघाले. तीनला मोठ्या बाई म्हणाल्या, आज लवकर जायचं तर जा, काम नाहीये. मी लवकर गेले. घरी जाऊन कणीक भिजवली.

लायब्ररीचा नंबर प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेला असतो. तुमच्याकडे तीन पुस्तकं आहेत.

सात तासांत माणूस कुठेही जातं. घराची किल्ली, बँकेचं पुस्तक, दोन कपडे, सगळं मला पाठ होतं. बारा वर्षं पाठ होतं. फक्त आज जा, असं कुणी सांगितलं नव्हतं.

रागावून लिहीत नाही. तुम्ही विचारलंत, येतेस का. त्याचं उत्तर द्यायला हवं. मी येणार नाही. तुमच्या घरात तो हात सकाळी खिडकी उघडेल, दोरीवरचे कपडे काढेल, दिवा लावेल. त्याला तेच शिकवलं आहे. तो तुमच्या कामाला येवो. पण मी त्याच्याबरोबर एका घरात राहू शकत नाही.

मोठ्या बाईंच्या मागच्या खोलीत राहते आहे. तक्रार दिली आहे. कुणी पाहिलेलं नाही, आणि इमारतीतले सगळे ह्यांच्याबद्दल चांगलंच सांगताहेत. पोलीस तुम्हालाही बोलावतील. तिथे काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काही मागत नाही.

पुस्तकांची मुदत संपली आहे. सावकाश पाठवा.

वहिनी


४ जून

वहिनी,

उत्तर द्यायला पंधरा दिवस लावले. पाच वेळा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी पहिल्या पानावर मी माझंच रडगाणं गात होते.

एक तारखेला टेबलाशी उभी राहिले. हात वर जातो, पुढे पोचतो, कापड ओढतो, दाबतो. पण कात्री बोटांतून सुटते. तीन गणवेशांचं कापड वाया घालवलं. मालक चांगला माणूस आहे, वीस तारखेपर्यंत बघू म्हणाला. बोटांची नोंद राहिली आहे. थेरपिस्टबाईंना विचारलं, दुसऱ्या कुणाच्या बोटांची चालेल का? मालकाच्या आतेबहिणीचा हात माझ्याएवढाच आहे. त्या म्हणाल्या, करून बघू, पण मला आशा नाही, वरचा सगळा हात आता भावाच्या लयीवर बसलाय. तो विसरायला लावता येतो का, तेही विचारलं. त्या म्हणाल्या, "शिकवायचं यंत्र आहे हो, त्याच्या उलट जाणारं अजून कुणी केलं नाही."

परवा सोन्याचा फोन आला. "ताई, बारा तारखेला येतो बोटांसाठी. सुट्टी टाकली आहे." मग म्हणाला, "उद्या तुला चौकीत बोलावलंय ना? तुला वाटेल ते सांग. फक्त, कोर्टकचेऱ्या लागल्या तर मला सुट्ट्या मिळतील असं नाही." एवढं शांतपणे म्हणाला की कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, खरंच सुट्टीबद्दल बोलतोय.

काल गेले. अधिकारी तरुण होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. "सख्खा भाऊ आहे ना? सावकाश बोला," म्हणाला. मी सगळं सांगितलं. डब्यापासून. थेरपिस्टबाईंकडची न कापलेली नोंद मागवा म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, "त्यात काय दिसेल?" म्हटलं, "हात खाली येताना दिसेल." म्हणाला, "हात तर कुणाचाही खाली येतो." बरोबर आहे त्याचं. तरी लिहून घेतलं. तुझ्या मापाचं मी सांगितलं तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग तेही लिहिलं, इंचांसकट.

मग म्हणाला, "अकराला कळलं तुम्हाला. मग त्यांना फोन का नाही केलात?"

"हालचाली घ्यायच्या राहिल्या होत्या."

"म्हणजे?"

"मला हात हवा होता. आधी तो घेतला. मग भावाशी बोलले. आणि तिने पत्र लिहिलंय हेही त्याला कळू दिलं."

त्याने पेन खाली ठेवलं. "हे लिहायची गरज नाही, मावशी. यात तुमचीच शोभा होते."

"लिहा."

"केसला त्याची काही मदत नाही."

"तिला जबाबाची नक्कल मिळते का?"

"मागितली तर मिळते."

"मग लिहा."

त्याने लिहिलं. वाचून दाखवलं. मधे त्याने स्वतःहून 'भावावर विश्वास असल्यामुळे' असं घातलं होतं. चांगल्या मनाने घातलं असेल. ते खोडायला लावलं. त्या जागी दुसरं काही लिहायचंय का, असं त्याने विचारलं. नको म्हटलं, आणि खाली सही केली.

नणंद